लावायचं औषध

टेकडीच्या फाटकापाशी जीप थांबली की तिच्यातून साहेब उतरतात. जीप चिखलात रुतली की तिला ढकलतो तो रावसाहेब. हा विनोद त्याने स्वतःच पहिल्यांदा केला, मग बाकीच्यांनी वापरून वापरून तो गुळगुळीत केला. बापाने हौसेने नाव ठेवलं होतं. लातूरकडच्या त्या कोरडवाहू रानात नावाला शोभेल असं काही पिकलं नाही, आणि लग्नानंतर थोड्याच दिवसांत रावसाहेब आणि मुक्ताई पुण्याच्या गाडीत बसले. लोणी काळभोर मागं पडल्यावर मुक्ताईला खिडकीतून एक बोडकी टेकडी दिसली.

"ह्येच्यावर काईच उगवत न्हाई का?" तिने विचारलं.

हडपसरला बिऱ्हाड लागलं, आणि पुढच्याच आठवड्यात दोघं त्याच टेकडीवर रोजंदारीने झाडं लावत होती.

तेव्हा लावायचं म्हणजे एकच झाड, गिरिपुष्प. रोप नको, वाफा नको, पाणी नको. मनगटाएवढी काठी तोडायची, जमिनीत खोचायची आणि पुढं सरकायचं. पावसाळा सरेपर्यंत काठीला पालवी. टेकडी लवकर हिरवी दिसायला हवी होती आणि इतक्या लवकर हिरवं दुसरं काही होत नव्हतं. खांद्यावर काठ्यांच्या मोळ्या घेऊन बायामाणसांची रांग चढणीला लागायची, तेव्हा खालून बघणाऱ्याला वाटावं, जंगलच आपल्या पायांनी वर निघालंय.

नम्रता झाली ती त्याच दिवसांत. बाळंतपण आटोपून मुक्ताई कामावर आली तेव्हा टेकडीवर सावली नावाला नव्हती. रावसाहेबाने दोन चांगल्या जाड काठ्या निवडल्या, पहारीने खोल रोवल्या, बुडाशी दगड ठेचले. मधे जुन्या लुगड्याची झोळी, वर पोत्याचं छप्पर. झोळीची दोरी मुक्ताईच्या कमरेला. ती खड्डा खणायला वाकायची तशी झोळी हलायची, आणि लेकरू मुक्याने आभाळाकडं बघत पडायचं. लेकरू चालायला लागलं, झोळी सुटली, काठ्या तशाच राहिल्या. पण गिरिपुष्पाची काठी नुसती उभी राहत नाही, ती मुळं धरते. पुढच्या पावसात दोन्ही काठ्या फुटलेल्या दिसल्या तेव्हा मुक्ताईने तोंडावर हात ठेवला.

"ग माय! पाळण्याला पानं आली!"

त्या दिवसापासून ती झोळीची झाडं.

आता मुक्ताईचे गुडघे गेलेत. टेकडी चढणं केव्हाच सुटलं. मंडईबाहेर गोणपाट टाकून ती मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या विकते आणि भाव पाडून मागणाऱ्याला नुसत्या नजरेने पुढच्या दुकानी पाठवते. नम्रता टेकडीवरून दिसणाऱ्या एका काचेच्या इमारतीत नोकरीला आहे. ऊन तिरकं झालं की त्या काचा पेटतात. रावसाहेब मग वरून हात करतो. तिला दिसत नाही हे त्याला माहीत आहे, तरी करतो.

रावसाहेब तसाच आहे, तंद्रीतला. दुपारची भाकरी झाली की तो वरच्या अंगाला, दोन जोडीच्या गिरिपुष्पांमध्ये पाठ टेकतो आणि डोळे अर्धे मिटतो. झोप म्हणावी तर हातातली काडी चालू असते, जाग म्हणावी तर हाक ऐकू येत नाही. त्या अर्ध्या झोपेत टेकडी पुन्हा बोडकी होते. झाडं काठ्या होतात, काठ्या मोळ्या होतात, मोळ्या खांद्यावर चढून उलट्या पावली खाली जातात. शेवटी दोनच काठ्या उरतात आणि मधे हलणारं लुगडं. लुगड्याचा रंग दरवेळी वेगळा. कधी अंजिरी, कधी हिरवा. मुक्ताईला विचारावं असं त्याच्या मनात कैकदा आलं, पण घरी पोचेपर्यंत विसरायचं.

टेकडीचं म्हणाल तर ती हिरवी झाली, पण मुकी झाली. गावाकडं या झाडाला उंदीरमारी म्हणतात, ते उगीच नाही. त्याची साल, बी उंदरांना विष, आणि त्याच्या दाट सावलीत दुसरं काही रुजत नाही. खाली नुसता पाचोळा. आपटा, धावडा, मेडशिंग, पळस हे मूळचे रहिवासी कुठंतरी कडेकपारीला अंग चोरून. मग वनखात्याबरोबर काम करणारी एक संस्था आली. तिचा पुष्कर नावाचा माणूस, चाळिशीचा, सदाशिव पेठेत वाढलेला, बोलायला कोरडा आणि कामाला चोख. त्याने टेकडीचे पट्टे पाडले. एकाआड एक पट्टा मोकळा करायचा, तिथं मूळची झाडं लावायची, ती धरली की मधले. सगळं एकदम काढलं तर माती उघडी पडेल, म्हणून हे दमादमाने.

पण गिरिपुष्प दमाने घेईना. कापलं की बुडख्यातून झुपका. तो कापला की आणखी दाट. रावसाहेबाने तक्रारीच्या सुरात सांगितलं, "साहेब, ह्ये मरत न्हाई," आणि त्याच्या पोटात कुठंतरी गोड वाटलं. जे त्याने हाताने लावलं ते इतकं चिवट निघालं.

यंदा हिवाळ्यात पुष्कर डबे घेऊन आला.

"आता नुसतं कापायचं नाही. औषध लावायचं." त्याने एका बुडख्यापाशी उकिडवं बसून दाखवलं. जमिनीलगत काप, भुसा झटक, आणि ब्रशने लाव. "मधे नाही. मधलं लाकूड मेलेलंच असतं. झाड जिवंत असतं ते कडेला, सालीच्या आत. तिथून मुळं ते खाली ओढून घेतात. म्हणून कडेकडेने. आणि कापलं की लगेच. उशीर केला की ते तोंड मिटून घेतं, मग वरून काहीही ओता. तेव्हा रावसाहेब, मधे तंबाखू नाही, फोन नाही, आणि समाधी तर अजिबात नाही."

औषधात निळा रंग मिसळलेला असायचा. कुठल्या बुडख्याचं झालं ते कळावं म्हणून. रोज चालायला येणाऱ्या अनंतकाकांनी तो रंग पहिल्यांदा पाहिला आणि काठी आपटत थांबले. काका निवृत्त शिक्षक, मूळ शनिवार पेठेतले, आता मुलाकडं हडपसरला राहायला आलेले आणि त्याबद्दल मुलाला अजून माफ न केलेले.

"काय रावसाहेब, आज किती जणांना मोक्ष?"

"औषध हाय काका."

"वा! विष म्हणायला जीभ जड झाली की मराठी माणूस औषध म्हणतो."

"काका," पुष्कर म्हणाला, "फवारत नाही आम्ही. मोजकं, ब्रशने, नको त्याच झाडाला. तुमचं अक्षर चांगलं आहे, तर फाटकावर एक पाटी लिहून द्या. कुत्री घेऊन येणाऱ्यांनी इकडं सोडू नयेत म्हणून."

काकांनी दुसऱ्या दिवशी पाटी आणली. सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: 'येथे झाडांना औषध लावण्याचे काम चालू आहे. ज्यांना बरे वाटत आहे त्यांनी व त्यांच्या कुत्र्यांनी लांब राहावे.'

त्या दिवशी संध्याकाळी नेहमीसारखी मुक्ताई भिंतीला टेकून पाय लांब करून बसली होती आणि रावसाहेब तिच्या गुडघ्यांना बाम चोळत होता. रोजचं काम. तिला दवाखान्यातल्या गोळ्यांपेक्षा त्याच्या हाताचा गुण जास्त वाटतो, पण तसं ती म्हणत नाही. म्हणते, "जरा दाबून. भाकर खाल्ली न्हाई का?"

तेवढ्यात तिला त्याच्या नखाच्या कडेला निळं दिसलं. "ह्ये काय वो?"

"औषधाचा रंग. हातमोजा फाटका निघाला. साबणानं तीनदा धुतलं, जात न्हाई."

"कशाचं औषध?"

"झाडांचं. बुडख्याला लावायचं."

आता गावाकडं औषधाची तऱ्हा अशी. पिकावर असतं ते मारायचं औषध, पाठीवर पंप बांधून. घ्यायचं औषध म्हणताना तर माणूस दोनदा विचार करतो, कारण अमक्याने औषध घेतलं असं ऐकलं की शेजारीपाजारी चपला घालून निघतात. आणि लावायचं ते दुखऱ्या जागी. लावतात ते बरं करायला. मुक्ताईने लहानपणापासून हेच ऐकलेलं. तिचा चेहरा मऊ झाला.

"बरं केलं बाई सरकारनं. झाडांलाबी दुखणं असतंयच की. आपल्या झोळीच्या झाडांला लावलं का?"

रावसाहेबाचा हात थांबला. "न्हाई अजून."

"मग त्येंला आधी लावा. सगळ्यांच्या आधी. माझ्या नावानं लावा." मग जरा थांबून तिने विचारलं, "कशी हायत वो ती?"

तिथंच सांगायला हवं होतं. एका वाक्याचं काम. पण तिचे डोळे बिऱ्हाडाच्या छपराकडं लागले होते आणि त्या डोळ्यांत बोडक्या टेकडीवरचं सगळं ऊन होतं. रावसाहेब म्हणाला, "बरी हायत." आणि दाबून चोळू लागला.

रोज संध्याकाळी मग तोच प्रश्न. "लावलं का?" आणि रोज तेच उत्तर, "पाळी यायचीय."

पाळी खरंच येत होती. ज्यांना काढायचं त्या झाडांना पुष्कर गेरूचं बोट ओढायचा. गडी त्याला टिळा म्हणत. टिळे चढत चढत वरच्या अंगाला आले आणि एका सकाळी रावसाहेबाच्या दुपारच्या जागेवर, त्या जोडीच्या दोन्ही खोडांवर दिसले. फुलांचे दिवस. पानं सगळी गळालेली आणि फांद्या गुलाबी तुऱ्यांनी अशा लगडलेल्या की झाडं जमिनीवर उभी आहेत की जमिनीपासून हातभर वर तरंगतायत, कळेना. रावसाहेबाने ओल्या फडक्याने गेरू पुसला. तो आणखी पसरला. झाडाने मळवट भरल्यासारखं दिसायला लागलं.

"हे दोन का राहिले?" पुष्करने विचारलं.

"मोहोळ हाय साहेब. आगी माशा."

पुष्करने मान वर केली. फुलांत एखादी चुकार माशी होती, बाकी काही नाही.

"मोहोळ बाहेरगावी गेलंय वाटतं."

"येतंय दुपारच्याला."

"तुमच्याबरोबर भाकरी खायला?" पुष्कर हसला नाही. तो त्या खोडाशी बसला आणि साध्या आवाजात म्हणाला, "रावसाहेब, काय आहे ते विचारत नाही. पण फुलं झडली की शेंगा धरतील. उन्हात शेंगा तडकल्या की बी कुठल्या कुठं उडतं. खालचे सगळे पट्टे तुम्हीच मोकळे केलेत. ते पुन्हा भरायचे का, सांगा. या आठवड्यात वरचा पट्टा संपवायचा. तुमच्याच्याने होत नसेल तर दुसऱ्या कुणाला सांगतो."

"दुसऱ्याला नको," रावसाहेब म्हणाला.

ते त्याला पटत होतं, हीच पंचाईत होती. खालच्या मोकळ्या पट्ट्यांत त्याने स्वतः पाहिलं होतं, कुणी न लावलेला पळस वर आला होता. कधी नव्हे ते सकाळी पक्ष्यांचा गलका ऐकू यायला लागला होता. पण ही दोन झाडं गेली की दुपारी डोळे मिटल्यावर काय दिसेल, याची त्याला भीती वाटत होती. आणि मुक्ताईला काय सांगायचं? तू लाव म्हणालीस म्हणून लावलं?

त्या संध्याकाळी त्याने सांगायचं ठरवलं. भाकरी खाताना, हात धुताना, बामाची डबी उघडताना ठरवलं. मुक्ताईनेच आधी तोंड उघडलं.

"उद्या नम्रताला सुट्टी हाय. तिच्या गाडीवर फाटकापातुर जाते. फुडं बसत उठत चढीन. एकदा डोळ्यानं बगते माझी झाडं."

"गुडघे..."

"गुडघे माझे हायत का तुमचे?"

दुसऱ्या दिवशी ऊन कोवळं असतानाच मायलेकी आल्या. फाटकावरची पाटी नम्रताने मोठ्यानं वाचली आणि म्हणाली, "पप्पा, सीरियसली? कुणी लिहिलंय हे?" मुक्ताईला पाटीत काही वावगं वाटलं नाही. औषध लावतायत, लांब राहा. गावात देवी आल्यावर घराला निंबाचा डहाळा बांधतात, तसंच.

ती चढायला लागली. एका हाताने नम्रताचा खांदा, दुसऱ्या हाताने काठी. रावसाहेब मागे, तोंडात शब्द घोळवत. प्रत्येक वळणाला वाटायचं, आता सांगू. वळणावर मुक्ताई दम खायला थांबायची आणि इतकी हरखून बघत राहायची की शब्द परत आत जायचा.

पाण्याच्या टाकीपाशी ती थांबली. इथला पट्टा पहिल्याच आठवड्यात मोकळा झालेला. वाळलेले बुडखे, त्यांच्या कडांवर उन्हाने फिकट झालेला निळा रंग. मुक्ताई वाट सोडून बाजूला गेली, एका बसक्या खडकापाशी. खडकाच्या माथ्यावर ओंजळीएवढा गुळगुळीत खळगा होता. तिने त्यातला पाचोळा काढला आणि तळवा ठेवला. तळवा बरोब्बर बसला.

"नमे, इथं मी मीठ-मिरची ठेचायची. गोल गोटा हुता एक. कुटं गेला की." मग ती वळली. "आन् हितं तू असायची. मी ठेचायला लागले की दोरी हलायची, आन् तू हसायची." तिने हात लांब केला. हात जिथं गेला तिथं दोन बुडखे होते, एकमेकांपासून झोळीच्या अंतरावर. बुडाशी अजून ठेचून बसवलेले दगड. दोन्हींच्या कडा निळ्या.

रावसाहेब त्या दगडांकडं बघत होता. दगड त्याचेच होते. एक काळा, एक तांबूस, तिसरा फुटका. ते त्याने पहारीच्या टोकाने ठेचले होते ते आता त्याच्या हातांना आठवलं. डोक्याला मात्र आठवलं नव्हतं. पाण्याची टाकी नंतर झाली, वाट फिरली, झाडं वाढून सगळी सारखी झाली, आणि कधीतरी एका दुपारी वरच्या अंगाला जोडीची दोन झाडं दिसली तेव्हा त्याने आठवण तिथं नेऊन खोचली. गिरिपुष्पाच्या काठीसारखीच ती. खोचली तिथं फुटली. ही दोन त्याने स्वतः कापली होती. एका गड्याशी कसल्याशा गप्पा मारत, लगेच लगेच, कडेकडेने.

"कापली व्हय?" मुक्ताई म्हणाली. "आन् औषध लावलं? मग फुटली कामून न्हाईत?"

"मुक्ते," रावसाहेब म्हणाला, "ते फुटायचं औषध न्हाई."

तिची नजर निळ्या कडांवर गेली.

"परत फुटू नये म्हणून लावायचं असतंय. मरायचं हाय ते. लावायचं हाय, पण मरायचं हाय."

"आन् तुमी म्हणलाव, पाळी यायचीय."

"मला वाटलं ती वर हायत. वरची जोडी मी राखून ठिवली. साहेबाला मोहोळ हाय म्हणून सांगितलं."

नम्रताने आईकडं, मग बापाकडं बघितलं. तिला हसू येत होतं आणि हसण्यासारखं काही नव्हतं हेही कळत होतं. "म्हणजे पप्पा, तुम्ही आमच्या झाडांना... आणि कुणाच्या भलत्याच झाडांना..."

"गप ग," मुक्ताई म्हणाली.

ती खडकावर बसली. हात खळग्यातच. वाऱ्याने वरची फुलं सुटून खाली येत होती, एकेक, घाई नसलेली. एक तिच्या पदरावर बसलं, एक बुडख्यावर. रावसाहेबाला वाटलं, हे सगळं दुपारच्या तंद्रीतलंच आहे. आता कुणीतरी हाक मारेल, आणि काठ्या पुन्हा पालवतील.

मुक्ताईने वाकून दोन बुडख्यांच्या मधली जागा काठीने उकरल्यासारखी केली. पाचोळ्यातून एक वीतभर रोप वर आलं होतं. पानं दोन पाकळ्या जोडाव्यात तशी.

"ह्ये काय लावलंय?"

"लावलं न्हाई. आपटा हाय. आपला आपला आलाय."

"झोळीच्या जागी," ती म्हणाली. एवढंच. मग काठी टेकून उठली. "चला, तुमची वरची जोडी दावा. कुणाला राखत बसलाव इतके दिस, बगू तरी."

वर पुष्कर गड्यांना काम वाटत होता. मुक्ताईला बघून त्याने हात जोडले. "या मावशी. मोहोळ बघायला आलात का?"

"आमच्या घरचं मोहोळ म्हाईत हाय मला," ती म्हणाली. "तीस वरसं माशा हाकलते."

ती त्या जोडीखाली उभी राहिली. गुलाबी सावली तिच्या पांढऱ्या केसांवर पडली. तिने दोन्ही खोडांवरून हात फिरवला, पसरलेला गेरू बोटाला लागला तो पदराला पुसला. "लई देखणी हायत. पण आपली न्हाईत." मग रावसाहेबाकडं न बघता, "कापा."

रावसाहेबाने करवत घेतली. पहिलं झाड हळू झुकलं आणि आपल्याच फुलांवर पडलं, त्यामुळे आवाजसुद्धा फार झाला नाही. जमिनीलगत बुडखा उघडा पडला, ओला, पिवळट, कडेला बारीक पाझर. भुसा झटकायचा, ब्रश बुडवायचा. रावसाहेबाने ब्रश बुडवला आणि हात तिथंच राहिला. त्या ओल्या वर्तुळात त्याला सगळी दुपार दिसायला लागली, सगळ्या दुपारी, आणि मधे हलणारं लुगडं.

"काय बगलालाव? वाळंल की!"

मुक्ताईचा आवाज, बोडक्या टेकडीवरचा, मुकादमिणीला शोभेल असा. तिने पुष्करकडं हात केला. "द्या ओ ते हातमोजे."

"मावशी, तुम्ही कशाला..."

"मला लावायला येत न्हाई व्हय, बाळा? ह्या टेकडीवर अर्धी झाडं मी लावल्याती."

पुष्करने धड हातमोजे दिले, दोनदा तपासून. ती काठी टाकून बसली, गुडघे कडकडले. ब्रश तिने रावसाहेबाच्या हातातून काढून घेतला आणि मधोमध नेला.

"मधी न्हाई," रावसाहेब म्हणाला. "मधलं मेल्यालंच असतंय. जिवंत सगळं कडंला. कडंकडंनं."

तिने मान हलवली आणि भाकरीची कड थापावी तसा ब्रश गोल फिरवला. एक थेंब सांडू दिला नाही. निळी कड पूर्ण झाली. मग तिने दुसऱ्या झाडाकडं बोट केलं, आणि रावसाहेबाने करवत उचलली.

उतरताना ती नम्रताच्या खांद्यावर हात ठेवून पुढं चालत राहिली. फाटकापाशी अनंतकाका भेटले, पुलावर गप्पांना थांबावं तसे थांबले, तिघांचे चेहरे बघितले आणि आयुष्यात बहुधा पहिल्यांदा काही न बोलता पुढं गेले. दोघींना सोडून रावसाहेब परत वर आला आणि दुपारी त्याने भाकरी खाल्ली. पाठ टेकायला झाड नव्हतं, म्हणून टाकीपाशी येऊन खडकाला टेकला. ऊन थेट अंगावर. डोळे अर्धे मिटले. टेकडी बोडकी झाली नाही. मोळ्या उलट्या गेल्या नाहीत. नुसती झोळी दिसली, हलत असलेली, आणि ती कशालाच बांधलेली नव्हती. या वेळी लुगड्याचा रंग त्याने नीट बघून ठेवला.

संध्याकाळी घरी मुक्ताई चुलीपाशी होती. त्याने हात धुतले, पुन्हा धुतले, नखं घासली. ती बोलेना. त्याने बामाची डबी आणून जवळ ठेवली आणि भिंतीकडं बघत बसला. भाकरीचा तवा उतरला, भांडी झाली. मग ती आली, भिंतीला टेकली, आणि जरा वेळाने एक पाय लांब केला.

त्याने डबी उघडली.

"ते लुगडं," तो म्हणाला, "जांभळं हुतं का ग?"

"हुतं," ती म्हणाली. "फुडं फाटलं ते. तुमाला कसं आठवलं?"

त्याने बोटाला बाम घेतला आणि तसाच, हात अर्ध्यात, थांबला. मुक्ताईने त्याच्या बोटाकडं बघितलं, मग त्याच्याकडं.

"लावा की," ती म्हणाली. "कडंकडंनं लावा. मधलं तर कवाचंच मेलंय."

आणि ओठ घट्ट दाबून ती छपराकडं बघायला लागली, पण तिचं पोट हलत होतं.